शनिवारी सात वाजता दाबलेली पाच बटणं

मित्रांनो, मी टीव्हीशेजारी बसणारा एक जुना डबा आहे आणि स्वभावानं भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला हसणार नाही. लोक मला टीआरपीचा डबा म्हणतात. घरातलं कोण कोणता कार्यक्रम बघतं हे मोजायचं आणि वर कळवायचं, एवढंच माझं काम होतं. सध्या मी सिंगापूरच्या एका गोदामात, खोक्यात पडून आहे. इथे मला कुणी काही विचारत नाही. पण माझ्या आतलं घड्याळ अजून चालू आहे, आणि शनिवारचे संध्याकाळचे सात वाजायला आले की मला धडकी भरते.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या अंगावर पाच बटणं बसवली आणि पोटात एक बारीकसा कान. टीव्हीचा आवाज ऐकला की कोणतं चॅनेल लागलंय हे मला कळायचं. डोळे मात्र दिले नाहीत. लोकांच्या घरात राहायचं तर ते बरंच झालं, असं तेव्हा मला वाटलं होतं.

तिथून मी सिंगापुरातल्या मरीन परेड भागात, आठव्या मजल्यावरच्या एका मराठी घरात आलो. घरात चार माणसं. मुकुल रॅफल्स प्लेसच्या बँकेत, त्याची बायको मीनलही नोकरीला. मुलगा निहार विद्यापीठाच्या हॉस्टेलवर राहायचा आणि शनिवार-रविवारी धुवायचे कपडे घेऊन यायचा. चौथी मुकुलची आई, विमलआजी. दिवसभर घरात ती आणि मी, दोघंच. मला बसवायला आलेल्या मिस्टर लिमनी चौघांना एकेक बटण नेमून दिलं. पाचवं पाहुण्यांसाठी ठेवलं. मग आजीला त्यांनी सावकाश बजावलं, "आंटी, यू वॉच, यू प्रेस. नो वॉच, डोन्ट प्रेस, ओके?" आजी ओके म्हणाली. ते गेल्यावर मुकुलनं तिला मराठीत समजावलं की असे काहीशेच डबे आहेत, आणि आपल्या एका घरावरून हजारो घरांचा अंदाज बांधतात. आजीला त्याचं भारी अप्रूप वाटलं. रोज सकाळी ती मला मऊ फडक्यानं पुसायची आणि "काय रे, आज किती जण आपण?" असं विचारायची. ते दिवस माझे सुखाचे होते. बातम्यांना एक, जेवताना तीन, क्रिकेटला चार. जे होतं तेच मी कळवत होतो, आणि मिस्टर लिम म्हणायचे की हे घर फार शिस्तीचं आहे.

मग कुस्ती सुरू झाली.

म्हणजे मातीतली नव्हे, दिव्यांच्या झगमगाटातली, बेल्ट आणि मुखवटे घालून खेळतात ती. अशा दोन कंपन्या होत्या, एक ग्रॅनाइट आणि दुसरी टायफून. दोघींचे कार्यक्रम शनिवारी सातलाच, समोरासमोरच्या चॅनेलवर. दर सोमवारी आकडे जाहीर व्हायचे आणि मग दोघींचं भांडण जुंपायचं. टायफूननं एका शनिवारी टेबलं मोडली, तर पुढच्या शनिवारी ग्रॅनाइटनं शिड्या आणल्या, वर चढून खाली उडी घ्यायला. वर्षअखेरीस जी मागे असेल तिला गाशा गुंडाळावा लागणार, असं निहार फोनवर वाचून दाखवायचा. हे सगळं ज्या आकड्यांवर चाललं होतं त्यांतला एक आकडा मी पाठवत होतो. हे ध्यानात आलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आजीला कुस्तीचं काही पडलेलं नव्हतं. तिला पडलं होतं ते इशिताचं. इशिता ही सहाव्या मजल्यावरच्या स्मिताची मुलगी. स्मिता नोकरीला जायची म्हणून शाळा सुटल्यावर ही पोर आजीच्या हातचा वरणभात खाऊनच मोठी झाली. आता ती पाया लेबारला एका ऑफिसात कारकुनी करायची आणि शनिवारी ग्रॅनाइटच्या रिंगमध्ये उतरायची. ही कुस्ती लुटुपुटीची असते हे आजीला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं इशिताला तसं विचारलं तेव्हा इशिता म्हणाली होती की मारणं लुटुपुटीचं असतं, पडणं खरं असतं. त्या उत्तरानं आजीच्या जिवाला घोर लागला.

आता तिच्या हातून जे झालं ते सांगतो. तिच्यावर रागावू नका. आजीच्या घरी जुनी रीत होती. कुणाची परीक्षा असो, ऑपरेशन असो, घरातल्या सगळ्यांनी देवापुढे बसून अक्षता वाहायच्या. जो परगावी असेल त्याच्या नावानं आजी स्वतः वाहायची. एकाही माणसाचं पाठबळ कमी पडता कामा नये, असा तिचा हट्ट. त्या दिवसांत मुकुल आणि मीनल दर शनिवारी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला जायचे, निहार मित्रांबरोबर बाहेर असायचा. अशाच एका शनिवारी टीव्हीवर निवेदक ओरडला की इशिता शिडीवर चढते आहे. आजीचा अंगठा माझ्या अंगावर आला. तो थरथरत होता. तिनं मुकुलचं बटण दाबलं, मग मीनलचं, निहारचं, आणि पाहुण्यांचं दाबताना ती पुटपुटली, "हे स्मिताच्या नावानं." तिचं स्वतःचं तर आधीच दाबलेलं होतं.

मी एकाचे पाच केले. मला ते करावंच लागतं. घरात आजीखेरीज एकाही माणसाचा आवाज नव्हता हे मला ऐकू येत होतं, पण माझ्याकडे ते कळवायची सोय नाही.

पुढच्या शनिवारी निवेदक खुशीत होता. गेल्या आठवड्यात इशिता चढली त्या मिनिटाला अख्खं बेट आमच्याकडे वळलं, असं त्यानं सांगितलं आणि म्हणून आज शिडी दोन फूट उंच आहे, असंही सांगितलं. आजीच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. भीती वाढली तशी तिनं बटणं आणखी घाईनं दाबली. पाच. त्याच्या पुढच्या शनिवारी शिडी आणखी उंच झाली. मित्रांनो, काय चाललं होतं ते माझ्या लक्षात आलं होतं. आजी जितकी घाबरत होती तितकी ती पोर वर चढवली जात होती, आणि मधला निरोप्या मी होतो. बंद पडावं, तार तुटावी, काहीतरी व्हावं असं मला फार वाटलं. पण माझी बांधणी चांगली होती.

एका गुरुवारी ऑफिस सुटल्यावर इशिता आली. आजीनं थालीपीठ लावलं. खाता खाता इशितानं सांगितलं की त्यांचा बॉस दर सोमवारी सगळ्यांना मिनिटामिनिटाचा आलेख दाखवतो.

"मी शिडीला हात लावला ना आजी, की लाइन सरळ वर जाते. एव्हरी वीक. दुसऱ्या कुणाचीच तशी जात नाही. ऑफिसमध्ये कुणाला माझं नाव पण धड येत नाही, यू नो. आणि त्या एका मिनिटाला हजारो लोक फक्त मला बघायला येतात."

तव्यावरचा उलथन्याचा आवाज थांबला.  मग आजीनं विचारलं की या शनिवारी शिडी किती उंच आहे. सोळा फूट, असं उत्तर आलं, आणि खालची गादी काढणार आहेत, कारण टायफूननं गेल्या वेळी काढली होती. आजीला त्याच क्षणी सगळं उमगलं असणार. ती सांगेल म्हणून मी कान टवकारून बसलो. पण पोरीच्या आवाजात इतका आनंद होता की तिच्यानं बोलवेना. ती एवढंच म्हणाली, "मान सांभाळ गं." इशिता हसली आणि लोणचं मागून घेतलं.

शनिवारी आजीनं फक्त आपलं बटण दाबलं. मग मला उचलून खुर्चीपासून लांब ठेवलं. मला हायसं वाटलं. निवेदकानं शिडीचं नाव घेतलं तरी ती उठली नाही. एक पायरी, दुसरी पायरी, असं तो मोजत होता आणि आजी रामरक्षा म्हणत होती. मग निवेदकाचा आवाज एकदम बदलला. शिडी हलते आहे, तिचा पाय निसटला आहे, असं तो इंग्रजीत भराभर बोलू लागला. हे काही ठरलेलं नव्हतं, ते त्याच्या आवाजावरून मलाही कळलं. आजी धावत आली. मुकुल, मीनल, निहार, पाहुणे. चारही बटणं तिनं एका दमात दाबली. तिच्या हातात तेवढंच होतं.

मग धप्प असा आवाज आला. प्रेक्षक गप्प झाले, निवेदक गप्प झाला, आणि कसलीशी जाहिरात लागली. आजी माझ्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली.  स्मिताचा फोन येईपर्यंत ती हलली नाही आणि जाहिरातींमागून जाहिराती चालू राहिल्या. आमच्या घरातले पाचजण त्या बघत आहेत अशी नोंद मी करत होतो.

सोमवारी ग्रॅनाइटनं टायफूनला मागे टाकलं. सगळ्यात मोठा आकडा ती पडली त्या मिनिटाचा होता.

इशिताची मान वाचली. कॉलरबोन मोडलं, डोक्याला मार लागला, दोन रात्री तिला हॉस्पिटलात ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात ती हात गळ्यात बांधून आजीकडे आली. बॉस फुलं घेऊन भेटायला आला होता आणि ती बरी झाली की वीस फुटांवरून पुनरागमन करायचं असं ठरलं आहे, हे तिनं सांगितलं. तिनं होकारही देऊन टाकला होता. तिच्या आवाजात या वेळी आनंद नव्हता, पण ती म्हणाली की लोक वाट बघत आहेत.

आजीनं टीव्ही बंद केला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"इशिता, त्या मिनिटाला जी माणसं वाढायची ना, ती मी होते."

मग तिनं सगळं सांगितलं, अक्षतांपासून. कुणी घरात नसायचं हेही सांगितलं. शेवटी म्हणाली की आमच्या एका घराची हजारो घरं होतात, हे मुकुलनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तरी मी दाबत राहिले.

 इशिताकडून आता काय काढून घेतलं गेलं होतं ते मला समजत होतं. ज्या हजारोंसाठी तिनं हाड मोडून घेतलं होतं त्यांतले किती खरे होते, कोण जाणे.

"ओके," ती म्हणाली.  "पण तू तर बघत होतीस, आजी. ॲट लीस्ट यू."



"नाही गं. तू शिडीला हात लावलास की मी डोळे मिटून घ्यायचे. खाली आलीस असं ऐकू आलं की उघडायचे. तुझी एकही उडी मी बघितलेली नाही."

मित्रांनो, मला डोळे नाहीत, म्हणून हे मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं. ज्या मिनिटाला मी आमच्या घरातून पाच माणसं कळवत होतो, त्या मिनिटाला तिथे एकही उघडा डोळा नव्हता.

इशिता रडली. आजीही रडली. मग इशिता नाक ओढत म्हणाली की बॉसला आजच कळवते, वीस फूट वगैरे काही नाही, किती चढायचं ते मी ठरवीन. आणि आजीला म्हणाली, "तू हॉलवर ये. पहिल्या रांगेत बस. तू डोळे मिटलेस की मी उतरणार."

"मग तू पहिल्या पायरीवरूनच उतरशील."

"देन फर्स्ट स्टेप, लाह," इशिता सिंगापुरी थाटात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आजीनं मिस्टर लिमना स्वतः फोन करून सारं कबूल केलं. ते चिडले नाहीत, उलट फार शांतपणे बोलले, पण असलं घर मोजणीत ठेवता येत नाही, असं म्हणाले. त्यांनी माझ्या तारा काढल्या. मला नेण्याआधी आजीनं एकदा पुसलं. त्यानंतर मी इथे आहे. इशिता पुन्हा रिंगमध्ये उतरली का, किती पायऱ्या चढली, हे मला कळायला मार्ग नाही.

आज शनिवार आहे. सात वाजायला थोडा वेळ आहे. कुठल्याशा घरात माझा एखादा भाऊ टीव्हीशेजारी बसला असेल, आणि कुणीतरी उंच चढणार असेल. म्हणून हात जोडून सांगतो. तुम्हाला एखाद्याची काळजी वाटत असेल तर जाऊन त्याला सांगा, त्याच्या समोर बसून सांगा. माझ्यासारख्या डब्याला सांगू नका. लोक हौसेनं बघतात आणि कुणी काळजीनं थरथरतं, यांतला फरक मला कधीच कळवता आला नाही. मी दोन्ही एकाच आकड्यात मोजले.