बारकीच्या मनगटावरचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना मनगटी पट्टा आहे. वयानं नव्हे, पण बऱ्याच मुलांचा घाम पिऊन जुना झालोय. माझ्या पोटात एक बारीक डोळा आहे. तो कातडीखालची नाडी बघतो. मूल शांत असलं की माझा दिवा हिरवा, घाबरलं की लाल. मला घडवणाऱ्यांना वाटलं, लाल दिवा दिसला की बाई धावत येतील आणि पाठीवरून हात फिरवतील. हुशार माणसं शहाणी असतातच असं नाही. त्यांनी बऱ्याच मुलांच्या मनगटांवर माझी चाचणी घेतली आणि मला शाळेत पाठवून दिलं.

शाळेत माझी पेटी उघडली तेव्हा टाळ्या वाजल्या. वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकेक पट्टा मिळाला; मी बारकीच्या वाट्याला आलो. तिचं खरं नाव हजेरीपुरतंच होतं. तिची आई संशोधक; कोंबड्यांच्या खाद्यात काय मिसळलं की त्या एकमेकींना टोचायच्या थांबतील, हे शोधणं तिचं काम. मुलांच्या भीतीचाही असाच अभ्यास व्हावा, म्हणून पालकसभेत तिनंच आग्रह धरला होता.

माझी गंमत सगळ्यांत आधी कळली ती वर्गाच्या मॉनिटरला. बाईंनी बारकीला वाचायला उभं केलं, मी लाल झालो आणि तो खुदकन हसला. मधल्या सुट्टीत त्यानं सगळ्यांना गोळा केलं.

"बघा हं, हात न लावता पेटवून दाखवतो!"

तो नुसता तिच्याकडे रोखून बघत राहिला. मी पेटलो. मला खोटं बोलता येत नाही, मित्रांनो. तेवढाच माझा गुण, आणि त्यानंच तिचा घात केला. हां हां म्हणता तो रोजचा खेळ झाला. बारकी मला बाहीखाली दडवायची, की बाई बाही वर सारायच्या. "दिवा दिसला पाहिजे बाळा. तुझ्याच भल्यासाठी आहे."

एका सुट्टीच्या दिवशी ती आईबरोबर कोंबड्यांच्या शेडमध्ये गेली. एका कोंबडीच्या पाठीवर रक्ताचा ठिपका होता आणि बाकीच्या नेमक्या तिथंच चोची मारत होत्या. आईनं तिला उचललं, जखमेला जांभळं औषध फासलं आणि वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं.

"लाल दिसलं की त्यांना राहवतच नाही गं."

बारकीनं माझ्यासकट हात पुढे केला. "आई, मग याला पण फास ना ते औषध."

"वेडाबाई! तू काय कोंबडी आहेस?" आई हसली. "आकडे बिघडतील. एवढं सत्र काढ, मग काढून टाकू."

बारकीनं सत्र काढलं. कसं, ते ऐका. वर्गात एक नवी मुलगी आली, बोलताना अडखळणारी. मॉनिटर आपल्याकडे वळायच्या आत बारकीच उठली, तिच्यासमोर उभी राहिली आणि तिच्या अडखळण्याची हुबेहूब नक्कल केली. त्या मुलीचा दिवा लाल झाला. वर्ग पोट धरधरून हसला. मी नाडी बघत होतो. क्षणभर ती धडधडली, मग संथ होत गेली. मी हिरवा झालो, तो हिरवाच राहिलो.

सत्र संपताना मुख्याध्यापिकांनी बारकीला व्यासपीठावर बोलावलं. सगळ्यांत जास्त सुधारणा तिची होती. आईनं डोळे पुसले, लेकीला कुशीत घेतलं आणि माझं तोंडभरून कौतुक केलं.

आता मला स्वच्छ पुसून पुन्हा पेटीत ठेवलंय. लवकरच नवं मनगट मिळेल. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी रबराचा, मला काही होत नाही. पण तुमच्या शेजारी माझा दिवा लाल झालाच, तर कृपा करून तेवढा वेळ दुसरीकडे बघा. बाईंना ते जमलं नाही, बारकीलाही जमलं नाही. तुम्हांला जमेल, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.