जप्त केलेला घसा

मी भोंपू बोलतोय. खरं तर मी बोलत नाही, नुसता वाजतो. पण बोलणाऱ्यांनी तरी आजवर काय दिवे लावलेत?

पितळी गळा आणि रबरी फुगा, एवढाच माझा संसार. एका पाववाल्या मावशीने मला सायकलच्या दांड्याला बांधलं. घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला होता, उरली होती नुसती कुजबुज. 'पाव घ्या' हे तिच्या वतीने मी गल्लीला सांगायचो. पुढे माझा फुगा फाटला. पंक्चरवाल्याने ठिगळ लावलं आणि माझ्या आवाजाला अशी काही ओल आली, की जड जेवणानंतर माणसाच्या... समजलात ना? तोच. गल्ली हसत हसत पाव घ्यायची. एखादा वजनदार गृहस्थ टोपलीवर वाकला, की मावशीचा हात नेमका माझ्यावर पडायचा. ती मोठी बेरकी.

मग तो कायदा आला. कोणाला अशोभनीय वाटेल असं लिहिणं, बोलणं, दाखवणं, वाजवणं म्हणजे गुन्हा. 'कोणाला' म्हणजे नक्की कोणाला, ते लिहायचं राहून गेलं. झालं! ज्याला त्याला वाटायला लागलं. शिंप्याने दुकानातल्या पुतळ्यांना चादरी गुंडाळल्या. ते नुकतेच आंघोळ करून आल्यासारखे दिसू लागले, म्हणजे आधीपेक्षा वाईट. डॉक्टरांनी भिंतीवरच्या देहाच्या चित्रावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत कागद डकवला. पेशंट सांगायचे, कागदाच्या जरा डावीकडे दुखतंय.

विरोधकही काही कमी नव्हते. त्यांनी मोर्चा काढला. पण कुठली घोषणा कोणाला लागेल या धास्तीने तोंडाला पट्ट्या बांधून चालले, शूर चेहऱ्याचे फोटो काढले आणि जेवायच्या वेळेला घरी गेले.

माझ्यावर तक्रार केली निवृत्त हेडमास्तरांनी. रोज मावशीचेच पाव चहात बुडवणारा माणूस! मला कचेरीत नेलं, तक्रारदार म्हणून मास्तरही हजर. मावशी मागोमाग आली आणि साहेबांच्या टेबलाशी वाकून कुजबुजली, "साहेब, घसा आहे तो माझा. घसा जप्त करतात का?"

"मोठ्याने बोला," साहेब म्हणाले.

मग ते मास्तरांकडे वळले. आवाज नक्की कसा, ते नोंदवायला हवं होतं. मला दाबावं, तर कचेरीत वाजवल्याचा गुन्हा. तेव्हा तुम्हीच सांगा. मास्तर चाचरले, घाम पुसला. पण आयुष्यभर फळ्यापाशी उभा राहिलेला माणूस. करून दाखवल्याशिवाय त्याला सांगता येतं थोडंच? त्यांनी गाल फुगवले, ओठ आवळले आणि असा काढला, की मीसुद्धा लाजलो. कारकूनबाई पेन शोधायला टेबलाखाली गेल्या, त्या बराच वेळ वर आल्या नाहीत.

"हे आता तुम्ही केलंत," साहेब म्हणाले.

"अहो, मी नमुना दिला."

"नमुन्याला सूट नाही कलमात."

अशा तऱ्हेने फिर्यादीच आरोपी झाला. मी मात्र गळ्यात चिठ्ठी अडकवून कपाटात.

मावशी बिनआवाजाची फिरू लागली. टोपली भरलेली जायची, तशीच भरलेली परत यायची. माझ्यावर पोट धरून हसणाऱ्यांपैकी एकालाही दारात उभं राहून तिची वाट बघावीशी वाटली नाही. आता सायकल विकण्याची वेळ आली होती.

पुढचं मला कारकूनबाईंनी सांगितलं. त्या त्याच गल्लीत राहतात. एका सकाळी मास्तरांची बायको पाव नाही म्हणून करवादत गॅलरीत आली. खालून मावशीची सायकल मुकाट चाललेली. मास्तरीणबाईंनी गॅलरीतूनच माझा आवाज काढला, हुबेहूब, ठिगळासकट. सगळी गल्ली दारात! टोपली तिथल्या तिथे रिकामी झाली. आता रोज कोणी ना कोणी काढतंच. मास्तरीणबाईंना एवढा सराव कुठे झाला, ते मी सांगणार नाही. लग्नाला पुष्कळ वर्षं झालीत, एवढंच.

माझा फुगा आता कडक होऊन तडकतोय. साहेब जेवायला गेले, की कारकूनबाई मला एकदा दाबतात, तेवढाच विरंगुळा. तुम्ही त्या गल्लीत गेलात, तर मावशीला माझा निरोप द्या. म्हणावं, माझी वाट पाहू नकोस. तुझ्यासाठी गल्लीभर तोंडं आहेत, आणि साहेबांकडे कपाट एकच आहे.