चौदा नंबरचा साचा

मी एक जुना लोखंडी साचा आहे. दिसायला अगदीच साधा. दोन तुकड्यांत जोडलेल्या चार भिंती, खाली एक जाड पाटी आणि आवळायला बोल्ट. माझ्या अंगावर छिन्नीने चौदा हा आकडा कोरलेला आहे, तेच माझे नाव समजा. मित्रांनो, इमारतीचा खांब ओततात तेव्हा त्याच काँक्रीटमधले थोडे माझ्यात भरतात. दुसऱ्या दिवशी मला खोलून आतला ठोकळा काढतात, पाण्याच्या टाकीत ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. तो किती भाराला फुटला यावरून खांब किती भार सोसेल ते कळते. खांब काही फोडून बघता येत नाही, म्हणून माझा ठोकळा फोडतात.

जन्माचे मला फारसे आठवत नाही. भट्टी होती, मग एक यंत्र होते आणि माझी आतली बाजू तासून गुळगुळीत करणारा एक अबोल कारागीर होता. मापात केसाचाही फरक नको म्हणून त्याने मला तीनदा मोजले. तेव्हापासून कामाशी काम ठेवणे एवढेच मला माहीत आहे.

माझी पहिली वीस वर्षे लॅबवाल्या काकांच्या हाताखाली गेली. काका तोंडाने फटकळ, पण हाताने स्वच्छ. माझ्यात काँक्रीटचे तीन थर घालायचे आणि प्रत्येक थराला सळईचे पस्तीस ठोके द्यायचे, ते मोठ्याने मोजत. मध्ये कुणी बोलले तर पुन्हा एकपासून सुरू करत. त्यामुळे मोठे साहेबसुद्धा त्यांचे ठोके संपेपर्यंत दारात गप्प उभे राहत. साचे धुवायला एक मावशी होत्या. त्या वरवर पाणी मारून मोकळ्या झाल्या की काका ओरडत, "अहो, कोपरे कोण घासणार? मी?" मावशी पुटपुटत, पण कोपरे घासत. एकदा बाहेरून तपासणीला आलेल्या माणसांनी मला मोजले आणि ते म्हणाले, इतका जुना साचा आणि अजून मापात! काकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. त्या दिवशी मला तेल मात्र दोनदा लावले. मला फार बरे वाटले होते.

काका निवृत्त झाले. भाषणे झाली, घड्याळ मिळाले, ते घरी गेले. त्यांच्या जागी कुणालाच घेतले नाही.

मग काळ भराभर बदलला. पूर्वी काँक्रीट जागेवर कालवत, आता ते लांबून फिरत्या ड्रमच्या गाडीतून येऊ लागले. नकाशे गुंडाळून ठेवायची पेटी गेली आणि सगळी इमारत एका पाटीएवढ्या पडद्यावर दिसू लागली. दर सोमवारी एक ड्रोन भुणभुणत येऊन फोटो काढून जाई. मजला पंधरवड्याला चढायचा तो आठवड्याला चढू लागला. जुने गवंडी आणि सुतार एकेक करून दुसरी कामे बघू लागले. शिकलेली पोरे वर्षभर ऊन खाऊन कुठल्यातरी गार ऑफिसात निघून जात. मित्रांनो, नवे ते वाईट असे मी म्हणत नाही. पडद्यावरची इमारत खरोखरच सुंदर होती. फक्त खाली खरे साचे भरताना कुणी ठोके मोजत नव्हते.

आमच्या जागी प्लास्टिकचे साचे आले. हलके, रंगीत, हवेची फुंकर मारली की ठोकळा बाहेर. मी आणि माझे दोन भाऊ रॅकच्या खाली गेलो. सुरुवातीला वाईट वाटले. पुढे तेही वाटेनासे झाले.

त्याच सुमारास मॅडम आल्या. काँक्रीटच्या दर्जाची जबाबदारी त्यांची, आणि एक नव्हे, तीन इमारतींची. तिशीच्या आतल्या, डोक्यावर हेल्मेट, कानाला फोन. पहिल्या महिन्यात त्या सगळीकडे धावत आणि प्रत्येक गोष्टीवर भांडत. सहाव्या महिन्यात त्या फक्त सही करत. घरून आईचा फोन आला की एकाच सुरात सांगत, "हो, जेवले. हो, बरी आहे." डबा तसाच बंद असे. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना काही वाटायचेच बंद झाले होते, आणि ते कसे होते हे मला ठाऊक होते.

त्या कामावर एक रीत पडली होती. साचे भरायचे काँक्रीट घमेल्यात घ्यायचे, त्यात दोन ओंजळी जास्तीचे सिमेंट टाकून कालवायचे आणि मग साचे भरायचे. ठोकळे झकास पास होत. फोरमन त्याला हसून 'बाळसं देणं' म्हणे. "मॅडम, बाळसं देऊन झालं, फोटो काढा," असे तो बिनदिक्कत सांगायचा. मॅडम फोटो काढून पडद्यावर चढवायच्या. ठोकळ्याला बाळसे, खांबाला मात्र काही नाही. हे चूक आहे हे सगळ्यांना माहीत होते, पण सगळेच करतात म्हटल्यावर ते चुकीसारखे दिसेना.

चौथ्या मजल्याचे खांब ओतायचे होते त्या दिवशी गाडी रस्त्यात अडकली. अडीच तास उशिरा आली, तोवर काँक्रीट आवळून घट्ट होत चालले होते. पंपातून जाईना म्हणून ड्रायव्हरने ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडला. मित्रांनो, असे वरून पाणी घातले की काँक्रीट छान वाहते आणि कायमचे कमजोर होते. सहा साचे भरायचे होते आणि प्लास्टिकचे तीन तडकलेले निघाले. म्हणून मावशींनी आम्हा तिघांना रॅकखालून ओढून काढले. फोरमन पलीकडे आपले घमेले कालवत होता. मावशींनी त्याची वाट पाहिली नाही. काका करायचे तसे त्यांनी गाडीच्या पन्हळीतूनच काँक्रीट घेतले, आम्हाला भरले आणि सळई घेऊन तोंडातल्या तोंडात पस्तीस मोजले. कुणाचे लक्षही नव्हते.

सातव्या दिवशी तीन ठोकळे फोडले. प्लास्टिकमधला एक फर्स्ट क्लास निघाला. माझ्या दोन्ही भावांचे ठोकळे अर्ध्यावरच ढेपाळले. मॅडमनी यंत्राचा काटा पाहिला आणि मोठ्या साहेबांना बोलावले.

"साचे कुठले हे? गंजलेले?" साहेबांनी विचारले.

"जुने आहेत, सर. पण मापात असतील. मोजून बघू का?"

"अहो, पाचव्याचे खांब आज उभे राहतायत. तुम्ही आता साचे मोजत बसणार? लिहा, साचा सदोष. आणि हे भंगारात टाका."

मॅडमनी रजिस्टर उघडले. मग त्यांनी लिहिले, 'साचा सदोष, निकाल ग्राह्य नाही', आणि सही केली. माझ्या अंगावर लाल रंगाची फुली मारली गेली. मला राग यायला हवा होता. आला नाही.

भंगाराची गाडी काही आली नाही. मी दाराशी पडून राहिलो आणि वरचे आवाज ऐकत राहिलो. पाचवा मजला चढला. सहावा चढला. सातवा चढला. चौथ्याच्या खांबांवर दर आठवड्याला आणखी एक मजला बसत होता. माझा ठोकळा अजून टाकीत, पाण्याखाली होता. त्याची तारीख यायची होती. मॅडम रोज दारातून आत येताना मला ओलांडत आणि खाली बघत नसत.

अठ्ठाविसाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या एकट्या आल्या. आधी त्यांनी मला उचलून टेबलावर ठेवले. मावशी कोपऱ्यात डबा खात होत्या, त्यांना म्हणाल्या, "मावशी, हा जरा घासून देता?"

"कोपरे घासू ना?"

"हो. कोपरे पण."

मावशींनी हात धुतले आणि मला घासले. मॅडमनी मला मोजले. लांबी, रुंदी, उंची, काटकोन. पुन्हा पहिल्यापासून मोजले. मी मापात होतो.

"मावशी, हे साचे कशातून भरले होते तुम्ही?"

"गाडीतून. काका तसंच भरायला लावायचे." मावशी घाबरल्या. "चुकलं का काही?"

मॅडम टाकीकडे वळल्या. टाकीतून माझा ठोकळा काढला, पुसला, यंत्रात ठेवला. काटा तीसपर्यंत जायला हवा होता. अठरावर ठोकळा फुटला. आवाज फार मोठा झाला नाही. त्या खुर्चीवर बसल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिले. मग त्यांनी आपलीच जुनी नोंद एका रेघेने खोडली आणि तिच्याखाली लिहिले, 'साचा योग्य. चौथ्या मजल्याचे काँक्रीट कमजोर. आधीची सही माझी चूक आहे. आधीच्या सर्व ठोकळ्यांत जास्तीचे सिमेंट होते.' त्या पानाचा फोटो त्यांनी साहेबांना, नकाशे करणाऱ्यांना आणि मालकांना, सगळ्यांना एकदमच पाठवला. फोन लगेच वाजू लागला. त्यांनी आधी डबा उघडला आणि त्या जेवल्या.

काम बंद पडले. मजले टेकूंवर तोलले, खांबांना भोके पाडून आतले नमुने काढले. बाकीच्या मजल्यांचे पुरेसे निघाले, चौथ्याचे कमजोरच. मग चौथ्याच्या प्रत्येक खांबाभोवती नव्या सळया बांधून नवे काँक्रीट चढवले. शाबासकी कुणी दिली नाही. मॅडमना तर फोटो पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशीच त्या कामावरून काढले होते. जाताना त्यांनी मावशींना एवढेच सांगितले, "तुमचं काही चुकलं नव्हतं." सध्या त्या कुठे आहेत ते मला माहीत नाही.

मी आता एका ऑफिसच्या कपाटात आहे, पुराव्याची चिठ्ठी लावून. माझ्यात पुन्हा कुणी काही भरेल असे वाटत नाही. त्याचे दुःखही फारसे नाही. पण मित्रांनो, एक मागणे आहे. उद्या तुमच्यातला कुणी इंजिनिअर होईल, कुणी फोरमन, कुणी साचे धुणारी मावशी. तेव्हा खांबात जे ओताल तेच साच्यात भरा. आकडा कमी आला तर साच्याला दोष देण्याआधी त्याला मोजा. आणि सही करून चुकलात, तर उशीर झाला म्हणून गप्प बसू नका.

त्या इमारतीत आता माणसे राहायला आली आहेत. चौथ्या मजल्यावरचे लोक कुरकुर करतात म्हणे, की आमचेच खांब एवढे जाड का, भिंतीला कपाट बसत नाही. त्यांची मुले त्या खांबांभोवती पकडापकडी खेळतात.