उसना खोकला

“मास्तर, खरं सांगा, ही थुंकी कुणाची?”

डॉक्टरांनी असं विचारताच आमचे टेलरमास्तर छताकडे बघायला लागले.

क्षयावर नव्या गोळ्या एकत्र दिल्या तर किती गुण येतो, हे आमच्या दवाखान्यात तपासत होते आणि त्या रुग्णांची नर्स मी. मास्तरांना जुनी औषधं लागू पडेनाशी झाली होती. आले तेव्हा नुसता हाडांचा सापळा. नव्या गोळ्यांनी त्यांच्या अंगावर मांस चढलं आणि जीभही सुटली. मला म्हणायचे, “सिस्टर, तुमचा एप्रन कुठल्या वैऱ्यानं शिवलाय?” दोनदा थुंकी स्वच्छ आली होती. आणि आज अचानक जंतूच जंतू! हे औषध हरलं असतं तर मास्तरांना द्यायला आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

पण वजन वाढलेलं, ताप नाही, खोकला नाही. मग एवढा बेडका आला कुठून, अशी शंका डॉक्टरांना आली.

“सांगतो,” मास्तर पुटपुटले. “सकाळी खोकून खोकून घसा बसला, पण काही निघेल तर शपथ! रिकामी डबी आणली तर तुम्ही यादीतून माझं नाव काढाल, गोळ्या बंद कराल. मग हिच्याकडून घेतली.”

“बायकोकडून?”

“तिला काय कमी? दिवसभर खोकत असते.”

“अहो, थुंकी निघत नाही म्हणजे तुम्ही बरे होताय!” मी हसत सुटले. मास्तरही हसले. मग डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाले, “म्हणजे ते जंतू... हिचे?”

या बाईंना मी तपासणीला कितीदा बोलावलं होतं! दरवेळी एकच उत्तर, “मला काय धाड भरलीय? आधी यांचं बघा.” त्या क्षणी मला त्यांचा रागही आला आणि मायाही.

मास्तर तडक घरी जाऊन त्यांना घेऊन आले. दोघांचे चेहरे फुगलेले, वाटेत भांडण झालं असणार. डॉक्टरांनी समजावलं, “वेळेवर कळलंय, औषध आहे, घाबरू नका.” पण आधी बाईंच्या नावानं नवा नमुना हवा होता, तोही मागच्या अंगणात, मोकळ्या हवेत. तिथे तर माणसांची रांग बसलेली. बाईंनी डबी मुठीत लपवली.

“एवढ्या लोकांसमोर? मी नाही बाई!”

मास्तरांनी अंगातला शर्ट काढला, दोन्ही हातांनी ताणून बाईंपुढे पडदा धरला आणि नुसत्या बनियनवर, मान दुसरीकडे वळवून उभे राहिले.

“पोटातून काढ,” ते म्हणाले, “वरवरचं चालत नाही.”

“मला नका शिकवू,” शर्टामागून आवाज आला, “तुमची डबी कुणी भरली?”

सगळी रांग हसली. मास्तरही हसले, पण त्यांनी हात खाली येऊ दिले नाहीत.