वेल परत येईपर्यंत

आहुपे गावातल्या बंगल्यावरची, मोटरसायकलसारखी टांग टाकून बसायची ती चार फुगीर चाकांची गाडी पुण्याच्या मालकाने पाहुण्यांना मजा म्हणून घेतली होती. हौसेने चिखलात लोळायला शहरातूनच यावं लागतं. गाव तिला बेडूक म्हणायचं. तिची देखभाल सुभाषकडे, कारण नारायणगावच्या गॅरेजात त्याने हात काळे केलेले.

दोन हजार सातच्या भादव्यात घाटात दरड आली, एसटी बंद पडली आणि नेमक्या त्याच दिवशी त्याच्या बायकोला, वैजयंतीला, कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. सोनीबाई सुईणीने हात टेकले. घोडेगावचा दवाखाना गाठला तरच दोघं वाचणार होती आणि दरडीवरून जाईल असं वाहन एकच होतं. सुभाषने बेडूक काढला. मधे वैजयंती, मागे तिला धरून त्याची आई कोंडाबाई.

देवराईपाशी पुढच्या चाकातून कटकट यायला लागली. सुभाषने उतरून खाली वाकून पाहिलं. एक्सलच्या सांध्यातलं ग्रीस आत राखणारं रबरी टोपण, गॅरेजच्या भाषेत बूट, सरकलं होतं, ते आवळणारी क्लिप तुटून कुठेतरी चिखलात गेली होती. ती सैल झालीय हे त्याला ठाऊक होतं, पण मालक नवी आणणार म्हणून त्याने चालढकल केलेली. आता ग्रीस बाहेर आणि चिखल आत. असंच पुढे गेलं तर सांधा जंगलातच अडकणार. तारेचं भेंडोळं रोज सीटखाली असायचं. आज सकाळीच त्याने ते गोठ्याच्या फाटकाला गुंडाळलं होतं.

आईने पदराची पट्टी फाडून दिली. ती ग्रीसवरून सटकली. इतका वेळ ओरडणारी वैजयंती आता गप्प झाली होती. सुभाष उठला, देवराईत शिरला आणि करंगळीएवढी हिरवी वेल तोडून घेऊन आला.

"आरं, काय केलंस ह्ये!" कोंडाबाई किंचाळली.

या राईतलं वाळकं पानही कोणी बाहेर नेत नाही. गावातल्या सोमाजीने एकदा चुलीपुरती काटकी नेली, वर्षाच्या आत त्याचा तरणा मुलगा गेला. गाव अजून त्याच्या दारावरून खाली मान घालून जातं.

"आये, दुसरं काय हाये का? सांग!"

तिने वैजयंतीच्या पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "आवळ."

सुभाषने बूट जागेवर ओढला, पुसला, वेलीचे वेढे देऊन गाठ मारली. तो गाडीवर बसताच आईने अंगावरच्या चादरीने वैजयंतीला त्याच्या पाठीशी करकचून बांधलं. स्वतः मात्र हद्दीचा दगड ओलांडून देवराईत जाऊन बसली.

"आये, चल की!"

"तू जा. देवाचं न्हेलंय, बदल्यात मी हितं बसते. येल परत आण, मंग येते. लेकराला हात नाय लावायचा त्यानं."

वाद घालायला वेळ नव्हता. दरड, ओढे, गुडघाभर राडा, सगळ्यातून गाडी गेली. मुलगी झाली. दोघी वाचल्या. सुभाष दवाखान्याच्या पायरीवर ढसाढसा रडला आणि वेल सोडायला गेला.

वेल नव्हती. गाठ नाही, तुकडाही नाही. बूट मात्र कुणी मुठीत धरावा तसा सांध्याला घट्ट बसलेला.

वाटेत गळून पडली असेल म्हणून परतताना त्याने डबकी चाचपली, चिखल उपसला. शेवटी डिंभे धरणाच्या काठची तसलीच एक वेल तोडून आईपुढे धरली. तिने ती हुंगली.

"ही रस्त्याची हाये रं." ती रागावलीही नाही. "पोरगी कशी हाये?"

"तुज्यासारखी."

"मंग झालं."

गावाने विनवलं, भगताने नारळ फोडला. ती उठली नाही. राईतच पाल्याचं खोपटं करून राहिली. मालकाने नवी क्लिप आणली, पण सुभाषने ती बसवली नाही. बूट पुन्हा कधी सैल झालाच नाही.

दीड वर्ष झालं, आता मुलगी चालते. सुभाष तिला घेऊन भाकरी द्यायला जातो, हद्दीच्या दगडावर ठेवतो. भाकरीचं फडकंसुद्धा आई परत देत नाही. आत गेलेलं काहीच बाहेर जायचं नाही, तिचा स्पर्शही. मुलगी आजीकडे हात पसरते. कोंडाबाई तिला डोळे भरून बघते आणि आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवते.