वकिलीणबाईंचा आवाज

तिचा आवाज शेंबडं पोरही ओळखायचं, चेहऱ्याला मात्र कुणी विचारत नसे. एका अॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतल्या जादूगार वकिलीणबाईंना ती आपल्या भाषेत आवाज द्यायची. त्या बाई काळा झगा सावरत कोर्टात उभ्या राहायच्या, हातातली काठी फरशीवर आपटायच्या आणि म्हणायच्या, "खरं बोल." लगेच खोटारड्या साक्षीदाराची सावली भिंतीवरून सुटून उभी राहायची आणि मालकासमोरच सगळं घडाघडा ओकायची. मालिका इतकी गाजली होती की दुकानात तिने नुसता भाव विचारला तरी मुलं वळून बघायची. स्टुडिओत तर तिला सगळे वकिलीणबाईच म्हणायचे. खऱ्या कोर्टाची पायरी मात्र ती दादावर खटला भरला तेव्हाच पहिल्यांदा चढली.

दादा लिफ्टची देखभाल करायचा. कापडाचं एक चार मजली दुकान होतं. तिथल्या लिफ्टचा ब्रेक नीट धरत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने लिफ्ट बंद केली. त्याच्या कंपनीचे साहेब धावत आले. दुकानात सेल चालू आहे, आठवडाभर कशीबशी रेटा, मग बघू, असं म्हणाले. दादा ऐकेना, तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हाताने बटण चालू केलं. तेव्हा मशीनच्या खोलीत तिसरं माणूस एकच होतं, दादाचा जोडीदार बारक्या. नाव बारक्या, पण अंगाने दाराएवढा. वहिनीच्या हातचं जेवल्याशिवाय त्याचा रविवार जात नसे.

त्याच आठवड्यात लिफ्ट खाली आदळली. आत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या वाचल्या नाहीत. साहेबांनी हात वर केले. मला कुणी काही सांगितलंच नाही, म्हणाले. हलगर्जीपणाचा ठपका दादावर आला.

बारक्याच्या साक्षीवर सगळी भिस्त होती. त्या दिवशी ती वहिनीला घेऊन मागच्या बाकावर बसली. पलीकडच्या बाकावर शिक्षिकाबाईंचा मुलगा एकटाच बसला होता. त्याच्याकडे बघितलं की तिला आपल्या बाजूने मनातसुद्धा भांडता येईना.

बारक्या पिंजऱ्यात उभा राहिला. दादाच्या वकिलांनी विचारलं, साहेब त्या दिवशी मशीनच्या खोलीत आले होते का? बारक्याने कपाळ पुसलं. आठवत नाही, म्हणाला. लिफ्ट बंद कुणी केली, परत चालू कुणी केली? तेही आठवत नाही. वकिलांनी आडून विचारलं, सरळ विचारलं, पण त्याचं पालुपद एकच. दादा त्याच्याकडे नुसता बघत होता. वहिनीने तिचं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. तिला वाटलं उठावं, ओरडावं. ती अर्धवट उठलीही. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं, शिपायाने बोटानेच बस म्हणून खुणावलं, आणि ती बसली.

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी बारक्या तिला एकटा सापडला. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. शिव्या द्यायच्या म्हणून आलेली, पण तोंडातून निघालं ते भलतंच. तोच खर्जातला, कमावलेला आवाज, कोर्टभर घुमणारा.

"खरं बोल."

बारक्याच्या हातातला पेला खाली पडला. एवढा आडदांड माणूस भिंतीला टेकला.

"ताई, त्या आवाजात नको. पोरगी रोज बघते ते."

"मग सांग."

"साहेबांनीच चालू केली. दादा नको नको म्हणत होता. मी तिथेच होतो." त्याने बाहीने डोळे पुसले. "माझी नोकरी त्यांच्याकडे, बायकोची त्यांच्याकडे, राहायची खोलीसुद्धा त्यांचीच. मी परत त्या पिंजऱ्यात जाणार नाही. तुम्ही काय वाट्टेल ते म्हणा."

ती पळतच वकिलांकडे गेली. ते फायली पिशवीत भरत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, बाई, टाकीपाशी काय बोलला त्याला किंमत नाही, पिंजऱ्यात बोलला तेवढंच खरं धरतात. तरी त्यांनी त्याला पुन्हा बोलवावं म्हणून अर्ज केला. अर्ज मान्य झाला, बारक्या आला आणि पुन्हा तेच म्हणाला. या वेळी त्याने कपाळही पुसलं नाही. तिकडे साहेबांनी समोरच बसून पाय हलवत ऐकलं.

दादाला दोन वर्षांची शिक्षा झाली.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत मालिकेचा शेवटचा भाग होता. वकिलीणबाई एका निरपराध माणसाला सोडवतात आणि आनंदाने रडतात. ती माइकसमोर उभी राहून रडली. काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाले, ताई, हे दुःखाचं वाटतंय, जिंकलोय आपण, पुन्हा घेऊ. तिने पुन्हा रडून दाखवलं. पाच-सहा वेळा रडल्यावर त्यांना हवं तसं मिळालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या महिन्यात ती दादाला भेटायला गेली. जाळीपलीकडे तो वाळलेला दिसला, पण दाढी नीट केलेली होती. त्याने आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मुलाला शिकवणी लावली का ते विचारलं. टाकीपाशी जे झालं ते तिने त्याच्यापासून दडवून ठेवलं होतं, वकिलांनाही सांगू नका म्हणाली होती. आज तिला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं.

दादा म्हणाला, "मला माहीत आहे. साक्षीच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला होता. पायाच पडला."

"आणि तू?"

"म्हटलं, जाऊ दे."

"दादा, तू अडवलं का नाहीस त्याला? वकिलांना तरी सांगायचंस."

त्याने जाळीत बोटं अडकवली. म्हणाला, "चिमणे, बटण त्यांनी चालू केलं हे खरं. पण मी जिना उतरून खाली आलो आणि घरी जाऊन जेवलो, हेही खरं आहे ना? दारात आडवा पडलो असतो तर त्या बाई जिन्याने गेल्या असत्या."

तेवढ्यात वेळ संपल्याची हाक आली. दादा उठला, पुढच्या वेळी येताना लोकरीचे मोजे आण, इथली फरशी फार गार असते, म्हणाला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.