शार्कचं आख्यान

बासष्ट साली बार्शीटाकळीला सिनेमाची सरकारी गाडी आली आणि आम्हाला शार्क मासा दाखवून गेली. आम्ही काळ्या मातीची माणसं, समुद्र कोणी पाहिलेला नाही. मागून नगारे वाजले, जबडा पडदाभर झाला, पुढच्या बायाबापड्या मागे सरकल्या. मासा एका होडीकडे निघाला आणि तिथंच चित्र संपलं.

आमच्या शेजारच्या दुर्गाबाईचा गोवर्धन रत्नागिरीला मासेमारीच्या लाँचवर इंजिन सांभाळायचा. मोठ्या हौसेनं त्या कामाला लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच दुर्गाबाईनं अन्न सोडलं. पोरगा नोकरी सोडून घरी येईपर्यंत नुसतं पाणी. तसं पत्र लिहून द्या म्हणून माझ्याकडे आली. मी कार्ड पुढं घेतलं, पण हात चालेना. आईच्या एका शब्दावर तो नोकरी सोडून निघाला असता, हे मला ठाऊक होतं.

आता माझं सांगतो. मला कीर्तनाचं वेड. हरिदासबुवा भक्ताला संकटात टाकून कधी उठत नाहीत. त्याला सोडवतात, आरती करतात, मगच उठतात. आख्यान अर्धं टाकणं आमच्याकडे अशुभच. तेव्हा माझी पक्की समजूत झाली की गाडीवाल्यानं अर्धंच दाखवलं. दुर्गाबाईला म्हटलं, पत्राचं दोन दिवस थांब, उरलेलं आख्यान घेऊन येतो. आणि अकोल्याची मोटार धरली.

तिथल्या कचेरीत सिनेमाच्या गाडीवरचा ओमप्रकाश रिळं पुसत बसला होता. माझी तक्रार ऐकून आधी पोटभर हसला. चित्र तेवढंच आहे म्हणाला. मी दुर्गाबाईचं सांगितलं तसा उठला. मग कपाटाच्या तळातून धूळ बसलेला एक डबा काढला. म्हणाला, हेही शार्कचंच, पण कोणी मागत नाही. यात काही घडतच नाही म्हणतात.

रविवारी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, तो यंत्र घेऊन आला. भरदुपारी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. यात नगारे नव्हते. एक म्हातारा कोळी जाळं विणता विणता बोलत होता. मासा आला, पाणबुड्याभोवती एक फेरा घातला आणि वळून निघून गेला. मग त्याची हातभर पिल्लं दिसली.

दिवा लागल्यावर दुर्गाबाईनं ओमप्रकाशला विचारलं, "खरं सांग बापा, हा माणसाले खाते का नाई?"

तो नुसता 'नाही' म्हणाला असता तरी माझं काम झालं असतं.

"कधी कधी चावतो, माई. पण फार क्वचित. बहुतेक वेळा आता पाहिलंत तसा निघून जातो. लाँचवरच्या माणसाला त्याच्याहून वाऱ्याची भीती जास्त."

"मंग पयल्या सिनेमावाल्यानं असं काहून नाई सांगतलं?"

"त्याला तुम्हाला भय दाखवायचं होतं. हे चित्र काढणाऱ्याला मासा दाखवायचा होता."

दुर्गाबाईनं पडद्याकडे बोट केलं. म्हणाली, "अजून एक डाव लाव."

त्यानं रीळ उलटं गुंडाळून पुन्हा लावलं. ते संपल्यावर मी ओमप्रकाशच्या कपाळी बुक्का लावला, बुवांना लावतो तसाच. तो संकोचला. पण देवानं माझी चूकसुद्धा कामी लावली होती. आभार मानायला मला दुसरी रीत येत नाही.

दुर्गाबाईनं तिथंच माझ्याकडून कार्ड लिहवून घेतलं, की नोकरी नीट कर, वाऱ्याकडे लक्ष ठेव. मग ओमप्रकाशला जेवायला घरी नेलं आणि त्याच्यासोबत स्वतःही ताटावर बसली.